बॉल दिसतो पण लागत नाही: गेमिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा नमस्कार, मी कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून क्रिकेटचेच गेम खेळत आलोय, आता एमएलबी द शो हा बेसबॉलचा गेम घेतलाय आणि बॅटिंग काही केल्या जमत नाहीये. मित्र म्हणतात कॅमेरा बदल, म्हणून मी जवळपास रोज बदलतो, कॅचर झाला, ब्रॉडकास्ट झाला, स्ट्राइक झोन झाला. एक दिवस जरा लागतं, दुसऱ्या दिवशी परत येरे माझ्या मागल्या. नक्की कोणता ठेवू? आणि उंची, झूम वगैरे जे असतं त्याचं काय करायचं?

उत्तर: मित्रा, आधी ते रोज बदलणं बंद कर. तुझा प्रश्न वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. डोळ्याला एका कोनाची सवय लागायला वेळ जातो आणि ती लागतेय न लागतेय तोवर तू कोन बदलून मोकळा होतोस, मग एखाद्या दिवशी लागलं तर ते कॅमेऱ्यामुळे लागलं की समोरचा पिचर, म्हणजे इथला बॉलर, सोपा होता म्हणून लागलं, हे तुला कळणार तरी कसं.

आता कोणता ठेवायचा. माझं मत स्पष्ट आहे, स्ट्राइक झोन किंवा स्ट्राइक झोन हाय, या दोघांतला एक. ऑनलाइन चांगलं खेळणारे बरेच जण स्ट्राइक झोन हायवर असतात आणि त्यामागे कारण आहे, नुसती फॅशन नाहीये ती. पण ते कारण समजून घे, नाहीतर उद्या कोणीतरी तिसरं काही सांगेल आणि तू परत सेटिंगमध्ये जाशील.

बॅटिंगच्या कॅमेऱ्याने दोन कामं करायची असतात. पिचरच्या हातातून बॉल सुटतो ती जागा स्वच्छ दिसली पाहिजे, आणि बॉल प्लेटवर, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीवरच्या पाटीवर, पोचतो तो चौकोन (हाच स्ट्राइक झोन) एवढा मोठा दिसला पाहिजे की तुला पीसीआय, म्हणजे डाव्या स्टिकने हलवायचं ते निशाण, नेमकं नेता येईल. आणि या दोन्ही जागा स्क्रीनवर एकमेकींच्या जितक्या जवळ तितकं बरं, कारण नजरेला मधे प्रवास करायला वेळच नसतो. हिशोबच करून बघ ना, खऱ्या बेसबॉलमध्ये पिचर उभा असतो ६० फूट ६ इंचावर, त्याचा हात पुढे येऊन बॉल सुटतो त्यामुळे खरं अंतर त्याहूनही कमी, आणि ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल, म्हणजे आपल्या भाषेत साधारण १५३ किलोमीटरचा, प्लेटवर यायला लागतात जेमतेम ०.४ सेकंद. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर २४ फ्रेम झाल्या, त्यातल्या सुरुवातीच्या काही फ्रेममध्येच तुला ठरवायचंय की मारायचा का सोडायचा, बाकीच्या अंगठ्याला लागतात.

ब्रॉडकास्ट इथेच बाद होतो. टीव्हीवर मॅच बघायला तो मस्त आहे, पण कॅमेरा पिचरच्या पाठीमागे असल्यामुळे बॉल तुझ्यापासून लांब जातो आणि जाताना लहान लहान होत जातो, म्हणजे ज्या क्षणी तो नीट दिसायला हवा त्याच क्षणी तो सगळ्यात बारीक. कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या विकेटकीपरसारख्या माणसाचा, कॅमेरा त्यापेक्षा बरा पण त्यात एक गोची आहे जी फारसं कोणी सांगत नाही. मागून बघताना उजव्या हाताच्या पिचरचा हात तुला त्याच्या टोपीच्या डावीकडे दिसतो. आणि तुझा बॅटर उजखुरा असेल तर तोही स्क्रीनच्या डाव्या बाजूलाच उभा असतो, बॅट हलवत, खांदे हलवत. म्हणजे ज्या बाजूला बॉल सुटणार त्याच बाजूला तुझ्याच माणसाची हालचाल चालू, नजर तिकडे ओढली जातेच. स्ट्राइक झोनवाल्या कॅमेऱ्यात आपण खूप पुढे आणि जवळ असतो, बॅटरचा अडथळा जवळजवळ जातो, समोर फक्त पिचर आणि चौकोन.

मग हाय का साधा? साध्या स्ट्राइक झोनमध्ये कॅमेरा खाली, बॉल अगदी डोळ्यासमोरून येतो, त्यामुळे वरचा-खालचा, आतला-बाहेरचा हे खरंखुरं दिसतं पण बॉल कितीसा जवळ आलाय ते कळत नाही, म्हणजे टायमिंग अवघड. हायमध्ये कॅमेरा वर जाऊन थोडा खाली वाकून बघतो, बॉलचा सगळा मार्ग दिसतो, चेंजअप, म्हणजे मुद्दाम सावकाश टाकलेला बॉल, मागे राहिलाय हे लवकर लक्षात येतं, पण चौकोन थोडा दाबल्यासारखा दिसतो आणि गुडघ्याच्या पातळीवरचे बॉल फसवतात. तेव्हा टायमिंग चुकत असेल तर हाय, आणि टायमिंग ठीक आहे पण पीसीआय भलतीकडे जातंय अशी तक्रार असेल तर साधा. तू क्रिकेटच्या गेममधून आलायस म्हणून तुझ्यासाठी मी हायच म्हणेन. आपल्या डोळ्याला टप्प्याची सवय असते, बॉल पडतो कुठे ते आधी बघायचं, मग पुढचं. इथे टप्पाच नाही. उलट पिचर उंचवट्यावर उभा राहून वरून खाली टाकतो, तो उंचवटा आता १० इंचांचा आहे, १९६८ साली बॅटर लोकांना फारशा रन मिळेनात म्हणून १९६९ पासून तो १५ वरून १० वर आणला. तर हा उतार खालच्या कॅमेऱ्यातून सपाट दिसतो आणि वरून नीट दिसतो.

उंची-झूमचं म्हणशील तर, तुझ्या व्हर्जनमध्ये कस्टम कॅमेरा असेल तर स्ट्राइक झोन हाय जसा येतो तिथून सुरुवात कर आणि झूम एवढाच वाढव की पिचरची टोपी आणि पिचिंगचा हात पूर्ण वर गेला तरी स्क्रीनच्या आत राहील. बरेच जण झूम वाढवत नेतात कारण चौकोन मोठा दिसला की बरं वाटतं, आणि मग हात कापला जातो किंवा वर स्कोअरच्या पट्टीमागे जातो, झालं, बॉल अर्ध्या वाटेत आल्यावर दिसायला लागतो. शिवाय चौकोन जितका मोठा तितका पीसीआयला कोपऱ्यातून कोपऱ्यात जायला स्क्रीनवर जास्त फिरताना बघावं लागतं आणि आपण घाबरून स्टिक जोरात ढकलतो. उंची एका वेळी एक पायरी बदल, आणि उंची आणि झूम एकदम दोन्ही बदलू नकोस.

कधी बदलायची ते गेमच सांगतो. बॅट फिरवल्यावर फीडबॅक येतो ना, त्यात नुसतं अर्ली का लेट एवढंच बघून पुढे जाऊ नकोस, बॉल कुठे होता आणि तुझं पीसीआय कुठे होतं ते बघ. पीसीआय बॉलच्या खाली असेल तर बॉल हवेत उडतो, वर असेल तर जमिनीवरून घरंगळत जवळच्या फिल्डरकडे जातो. एखाद-दुसऱ्या वेळी कसंही होईल, पण सगळ्या प्रकारच्या पिचला (बेसबॉलमध्ये पिच म्हणजे पिचरने टाकलेला बॉल) जर तुझं पीसीआय एकाच बाजूला चुकत असेल, समजा कायम वरच राहतंय, तर तुझा कॅमेरा तुला बॉल वर दाखवतोय, मग एक पायरी उंची बदलून बघ. आणि चूक चारी दिशांना पसरलेली असेल तर कॅमेऱ्याला हात लावू नकोस, तिथे बॉल ओळखण्यातच कमी पडतंय.

ते ओळखणं वाढवायला मी एक गोष्ट मनापासून सांगतो, कंटाळवाणी वाटेल पण कर. कस्टम प्रॅक्टिसमध्ये जा, एक उजव्या हाताचा पिचर घे, आणि बॅट फिरवूच नको. बॉल सुटला की तोंडाने म्हण, स्ट्राइक (चौकोनातला) किंवा बॉल (चौकोनाबाहेरचा), आणि तो पोचायच्या आत म्हण. नजर पिचरच्या टोपीवर सैल ठेव आणि त्याचा हात वर आला की तिथे ने, टोपीच्या डावीकडे. कर्व्हबॉल हातातून सुटताना किंचित वर उसळल्यासारखा दिसतो, फास्टबॉल तसा दिसत नाही. स्लायडर तुला डावीकडून उजवीकडे पळताना दिसेल, उजखुऱ्या बॅटरपासून लांब, आणि सिंकर उलटा, आत आणि खाली. चेंजअप सगळ्यात लबाड, हात फास्टबॉलचाच आणि वेग ताशी ८-१० मैलांनी कमी, त्यासाठीच तर हायचा कॅमेरा घेतलास. दोन-तीन बसण्यांनंतर तुझ्या तोंडून उत्तर आपोआप यायला लागेल, मग बॅट फिरवायला सुरुवात कर, तीसुद्धा फक्त प्लेस्टेशनच्या एक्सवर, म्हणजे नॉर्मल स्विंग, चौकोनाचं बटण दाबून पॉवर स्विंग मारायचा मोह टाळ कारण त्यात पीसीआय लहान होतं.

ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडून द्यायला आपल्याला लहानपणी मैदानावर जसं शिकवतात तसंच हे आहे, चौकोनाबाहेरचे चार बॉल सोडलेस तर फुकटात पहिल्या बेसवर जातोस. क्रिकेटवाल्यांना प्रत्येक बॉल मारावासा वाटतो, तुझं निम्मं दुखणं तिथे असणार असा माझा अंदाज आहे.

आणि हो, पीसीआयचा आकार, रंग, पारदर्शकपणा सगळं बदलता येतं. बाहेरचं कडं बंद करून फक्त मधला भाग ठेव, रंग पिवळा किंवा असा ठेव की जो गवतात आणि मातीत मिसळणार नाही. प्रॅक्टिस शक्यतो रात्रीच्या मॅचची वेळ ठेवून कर. दिवसाच्या मॅचमध्ये कधी कधी पिचर उन्हात आणि प्लेट सावलीत असते, बॉल मधेच रंग बदलतो. खऱ्या मैदानांवर तर पिचरच्या मागे सेंटर फील्डला मुद्दाम गडद रंगाची भिंत किंवा झाडी ठेवतात, प्रेक्षक बसवत नाहीत, केवळ बॅटरला पांढरा बॉल दिसावा म्हणून. एवढी काळजी तिथे घेतात तर आपण निदान सोपं मैदान निवडावं.

प्रश्न: मी हडपसरला राहते, आयटीत आहे. माझ्या रूममधल्या मॉनिटरवर मी बऱ्यापैकी हिट करते, पण तोच कन्सोल हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावला की प्रत्येक स्विंग लेट. कॅमेरा तोच, डिफिकल्टी तीच. मोठ्या स्क्रीनला वेगळा कॅमेरा लागतो का?

उत्तर: नाही, कॅमेरा आहे तसाच राहू द्या, दोष टीव्हीचा आहे, आणि तुम्ही नेमकी नोंद केलीत म्हणून लगेच कळलं. टीव्ही चित्र आल्या आल्या दाखवत नाही, आधी त्यावर स्वतःची प्रक्रिया करतो, रंग उजळवतो, हालचाल गुळगुळीत करतो, यात वेळ जातो. काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ९५ मैलांचा बॉल तेवढ्या वेळात जवळपास ४ मीटर पुढे आलेला असतो, म्हणजे तुम्ही जो बॉल बघून बटण दाबताय तो गेमच्या हिशोबाने केव्हाच चार मीटर जवळ आलाय.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड नावाचा पर्याय असतो तो चालू करा. कितीतरी टीव्हींत तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगवेगळा चालू करावा लागतो, त्यामुळे कन्सोल ज्या पोर्टला लावलाय तो निवडलेला असतानाच करा, सेट-टॉप बॉक्सचं चॅनल लावून केलात तर तो तिकडे लागेल. मोशन स्मूदिंग प्रकारचं जे काही असेल ते बंद. कन्सोल साउंडबारमधून फिरवून टीव्हीला जोडला असेल तर एकदा सरळ टीव्हीला जोडून बघा, तिथेही थोडा वेळ खातो. गेम मोड लावल्यावर चित्र जरा फिकं वाटेल, घरचे म्हणतील रंग गेले, पण तो त्या पोर्टपुरताच लागला असेल तर सिरियल बघताना रंग जिथल्या तिथे असतील हे त्यांना सांगा.

एवढं करूनही थोडं लेट होत असेल तर सोफा. मॉनिटर हातभर अंतरावर होता, टीव्ही दहा फुटांवर, त्यामुळे मोठा असूनही डोळ्याला चौकोन लहानच दिसत असेल. खुर्ची पुढे घेऊन बघा, आणि खुर्ची हलवणं शक्यच नसेल तरच झूम एखादी पायरी वाढवा.

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा आठवीत आहे, निगडीला शाळेच्या टीममध्ये सॉफ्टबॉल खेळतो. आता त्याच्या मामाने त्याला बेसबॉलचा गेम आणून दिलाय आणि तो म्हणतो की यात कॅमेरा बॅटरच्या नजरेसारखा लावून खेळलं की मैदानावरची बॅटिंग सुधारते. हे खरं आहे का, की खेळायला मिळावं म्हणून सांगतोय?

उत्तर: ताई, त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, तेवढं त्याला द्या. पिचरच्या हाताकडे बघायचं, बॉल सुटल्यावर लगेच ठरवायचं, आणि झोनबाहेरचा बॉल सोडायचा, ही शिस्त गेममधून लागू शकते.

पण सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालून सुटतो. हात पूर्ण गोल फिरवून कमरेजवळून. गेममधला पिचर खांद्याच्या वरून टाकतो, उंचवट्यावरून टाकतो. त्यामुळे बॉल कुठून येणार याची जी सवय गेममध्ये डोळ्याला लागेल ती मैदानावर चुकीच्या जागी असणार, तिथे बॉल खालून वर चढत येतो. अंतरही वेगळं, मोठ्यांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये महिलांना ४३ फूट आणि पुरुषांना ४६ फूट, बेसबॉलच्या साडेसाठपेक्षा कितीतरी कमी. बॉलही मोठा. कुठलाही कॅमेरा लावला तरी यातलं काही बदलत नाही, आणि बॅट फिरवताना कंबर, पाय, मनगट जे काम करतात ते अंगठ्याने होत नाही हे तर आलंच.

मी तुमच्या जागी असतो तर गेम बंद केला नसता, पण सरावाच्या आणि मॅचच्या आधल्या संध्याकाळी नको असं ठरवून दिलं असतं. आणि त्याला एक करायला सांगा, सरावात आपली पाळी नसते तेव्हा जाळीमागे उभं राहून टीममधल्या पिचरचा हात बघायचा आणि बॉल पोचायच्या आत स्ट्राइक का बॉल ते स्वतःशी म्हणायचं. हे खेळणं नाही म्हणून सुरुवातीला तोंड वाकडं करेल. त्याच्या कोचना आधी सांगून ठेवा, ते म्हणाले की करेल.

प्रश्न: मी सदाशिव पेठेत राहतो, वय ६८. सुट्टीत नातू येतो तेव्हा मला हा बेसबॉलचा गेम खेळायला बसवतो. मजा येते पण बॉल मला दिसतच नाही, एकदम येऊन जातो. चष्मा आहे. नातू म्हणतो आजोबा तुमचा कॅमेरा बदलतो, पण बदलून फरक पडला नाही. काही उपाय?

उत्तर: काका, नमस्कार, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. तीन-चार गोष्टी सांगतो, त्या नातवाकडून करून घ्या.

तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर आधी तो बघा. अशा चष्म्यात लांबचं वरच्या भागातून दिसतं आणि जवळचं खालच्या भागातून. आरामखुर्चीत मागे रेलून टीव्ही बघितला की हनुवटी वर जाते आणि नजर काचेच्या खालच्या भागातून जाते, म्हणजे सात-आठ फुटांवरचा टीव्ही तुम्ही वाचायच्या नंबरातून बघता. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसा, टीव्ही डोळ्यांच्या समोर किंवा किंचित खाली. नुसत्या लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा असेल तर तो लावून खेळा. तरीही अंधुक वाटलं तर डोळे तपासून घ्या, हे गेमसाठी नाही सांगत, एरवीसाठीच सांगतोय.

मग गेममध्ये हिटिंग इंटरफेस असतो तिथे झोनऐवजी डायरेक्शनल निवडायला सांगा. त्यात निशाण बॉलवर न्यावं लागत नाही, वेळेवर बटण दाबलं तरी चालतं. दोन कामांतलं एक गेलं की डोळ्याला फक्त बॉलच बघायचा उरतो. डिफिकल्टी बिगिनर ठेवा, त्यात पिच सावकाश येतात. नातू चांगला खेळत असेल तर तुम्ही दोघं एकाच टीमने कॉम्प्युटरविरुद्ध आळीपाळीने खेळा, समोरासमोर नको. कॅमेरा स्ट्राइक झोनच ठेवा, रात्रीची मॅच लावा, आणि खोलीतला दिवा किंवा खिडकी टीव्हीच्या काचेत चमकत नाही ना ते बघा. वाड्यातल्या खोल्यांत खिडकी बऱ्याचदा टीव्हीच्या बरोबर समोर असते आणि दुपारच्या उजेडात तो पांढरा बॉल त्या चमकेत हरवतो. पडदा ओढला तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि बॉल सुटताना पिचरच्या हाताकडे बघा, प्लेटकडे नको. प्लेटकडे बघत बसलं की तो एकदम येऊन गेल्यासारखाच वाटतो, तरुण माणसालासुद्धा.

प्रश्न: बाणेरहून लिहितोय. ऑफलाइन हॉल ऑफ फेम या अवघड लेव्हलवर मी चांगला मारतो, ऑनलाइन गेलो की खालच्या लेव्हललाही लेट होतो. ऑनलाइनसाठी कॅमेरा वेगळा ठेवू का?

उत्तर: नको रे. समोरचा अमेरिकेत असेल तर मधे अख्खं जग आहे, तो उशीर कॅमेऱ्याने भरून निघत नाही. वायफाय सोडून राउटरपासून केबल लाव, घरात त्या वेळी कोणी मोठं डाउनलोड किंवा व्हिडिओ लावला नसेल असं बघ, आणि जवळच्या देशातला खेळाडू मिळाला तर त्याच्याशी खेळ. तरी उशीर राहिलाच तर पहिल्या इनिंगमध्ये दोन-तीन पिच नुसत्या सोड आणि त्या दिवशी बॉल कधी पोचतोय त्याचा अंदाज घे, मग बटण थोडं आधी दाब. ऑनलाइनला एक आणि ऑफलाइनला दुसरा कॅमेरा ठेवलास तर दोन्हीकडे तुझा डोळा बिघडेल.